चावीचं (नळाचं) पाणी पिण्याजोगं आहे का, कसं बघायचं आणि काय करायचं (सांगली-मिरज आणि आसपासच्या गावांसाठी)

मे संपत आला किंवा पहिला दणकून पाऊस झाला की आपल्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर ठरलेले फोटो येतात. कृष्णेच्या काठाला मेलेले मासे, काळपट पाणी, आणि खाली दहा-पंधरा जणांचा एकच प्रश्न, कुठला आरओ घेऊ. कंपनी नंतर बघा हो. आधी तुमच्या घरात जे पाणी येतंय त्यात कुठली घाण येऊ शकते ते शोधून काढा, कारण जंतूचा इलाज वेगळा, क्षाराचा वेगळा, औषध-केमिकलचा वेगळा, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर चालत नाही. वीस हजाराचं मशीन भिंतीला लावून घरात कावीळ आलेली घरं आहेत आणि नुसतं उकळून पिऊन बारा महिने ठणठणीत असलेलीही आहेत.

मोटामोटी असं धरा. सांगली, मिरज, कुपवाड, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) असल्या ठिकाणी नळाचं म्हणजे नदीचं पाणी पीत असाल तर तुमचा पहिला शत्रू जंतू. उसाच्या पट्ट्यात, वाळवा-पलूस-मिरज बाजूला विहीर किंवा बोअर असेल तर जंतू आहेतच, वर युरियातून उतरलेलं नायट्रेट आणि खारटपणा. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीच्या औषधांचं बघायला पाहिजे. जत-आटपाडीकडं खोल बोअर असेल तर क्षार, आणि खडक कुठला लागलाय त्यावर फ्लोराइड.

अजून एक गोष्ट पूर्वेकडच्या लोकांनी ध्यानात ठेवावी. म्हैसाळ योजनेचं पाणी कृष्णेतनं जिथं उचलतात ती जागा सांगली आणि मिरजेच्या खाली आहे. म्हणजे शेरी नाल्यासकट शहरातनं जे काही नदीत गेलंय ते मिसळल्यानंतरचं पाणी. उन्हाळ्यात ते कॅनॉलनं येऊन गावतळं भरतं, तळ्याकाठची विहीर भरते, आणि गावाला वाटतं कृष्णामाई दारात आली. आली खरी, पण ते पाणी शेतीसाठी सोडलेलं आहे, पिण्यासाठी शुद्ध करून सोडलेलं नाही. प्यायचंच असेल तर तुरटी, गाळणी आणि क्लोरीन हे सगळं करूनच.

मासे मरतात त्याचा आणि आपल्या चावीचा काय संबंध

संबंध आहे, पण लोकांना वाटतो तसा नाही. साखर कारखान्याचं मळीमिश्रित पाणी किंवा गावाचं सांडपाणी नदीत आलं की त्यातला सेंद्रिय माल खायला जिवाणू तुटून पडतात आणि खाता खाता पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. मासा विषानं मरायच्या आधी गुदमरून मरतो, म्हणून मरायच्या आधी मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. आंघोळीच्या लायकीच्या नदीसाठी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर आणि बीओडी (म्हणजे घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३ च्या आत पाहिजे असं मानक आहे. उन्हाळ्यात कोयनेतनं विसर्ग कमी झाला की नदीची धार बारीक होते, नाले मात्र तेवढेच वाहत राहतात, म्हणून तीच घाण कमी पाण्यात जास्त भरते. आणि पहिल्या पावसात नाल्यात वर्षभर साठलेलं सगळं एका रात्रीत धुऊन येतं.

आता चावीचं. नदीत सांडपाणी वाढलं की त्यात अमोनिया वाढतो, आणि शुद्धीकरण केंद्रात टाकलेला क्लोरीन बराचसा त्या अमोनियाशी आणि घाणीशी झटापट करण्यातच खर्ची पडतो. नेहमीचा डोस टाकला तरी तुमच्या घरापर्यंत येईस्तोवर शिल्लक काही राहत नाही. आणि तो शिल्लक क्लोरीनच तर वाटेतल्या पाइपमध्ये शिरलेल्या जंतूंना मारणार असतो. म्हणून ज्या दिवशी पाण्याला क्लोरीनचा वास येतो त्या दिवशी लोक शिव्या घालतात, खरं तर त्या दिवशी निवांत प्यावं. वास अजिबात नाही आणि पाणी एकदम गोड लागतंय, तेव्हा जरा कान टवकारा.

(मेलेले मासे पिशवीत भरून घरी नेणारे पण असतात. नेऊ नका. कशानं मेलेत हे कुणालाच माहीत नसतं आणि तास-दोन तासात ते उन्हानं कुजायला लागलेले असतात.)

खरी गडबड तुमच्या गल्लीत असते

आपल्याकडं पाणी चोवीस तास येत नाही. ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह फिरवला की पाइप भरते, वेळ झाली की बंद, मग पाइप रिकामी. रिकाम्या पाइपमध्ये हवेचा ओढा तयार होतो आणि जिथं पाइपला भोक असेल तिथनं बाहेरचं पाणी आत घुसतं. आणि आपली पाइप जाते कुठनं, तर गटारीतनं! मेन लाइन एका बाजूला आणि घरं दोन्ही बाजूला म्हटल्यावर समोरच्या रांगेचं कनेक्शन गटार ओलांडूनच येणार. आमच्या गल्लीत पाण्याला वास यायला लागला तेव्हा प्लंबरनं गटारीतला गाळ फावड्यानं ओढला तर खालनं अर्ध्या इंची लोखंडी पाइप निघाली, गंजून पापुद्रे सुटलेली, एका ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेनं आवळलेली. कुणी कधी आवळली कुणाला माहीत नाही. त्या पट्टीखालनं पाणी चालू असताना बारीक धार बाहेर उडत होती, म्हणजे पाणी बंद झाल्यावर त्याच भोकातनं गटार आत. चार घरं त्या पाइपवर होती.

यात भर म्हणजे मोटर. प्रेशर कमी येतं म्हणून नळाला डायरेक्ट मोटर लावायची ही घरटी सवय झालीय. मोटर काय करते, पाइपमधलं पाणी ओढते, आणि पुरेसं पाणी नसलं की आजूबाजूच्या प्रत्येक भोकातनं जे मिळेल ते ओढते. तुम्ही मोटर लावली की घाण फक्त तुमच्या घरात येते असं नाही, शेजारच्याच्या हंड्यात पण येते. नियमात बसत नाही ते सोडा, तब्येतीत पण बसत नाही. जमिनीत हौद करा, चावीचं पाणी आपोआप हौदात पडू दे, आणि मोटर हौदातनं वर टाकीला लावा. हौदाला जागा नसेल तर चावीखाली मोठं बॅरल ठेवून त्यातनं उचला. हौद मात्र संडासाच्या सेप्टिक टाकीच्या शेजारी नको, आणि त्याचं झाकण अंगणाच्या फरशीच्या चार-सहा इंच वर पाहिजे, नाहीतर भांडी-कपड्याचं पाणी तिथंच उतरतं.

तर पहिली तपासणी अशी करा, पैसे लागत नाहीत. पाणी सुटायच्या वेळी मोटर न लावता चावी उघडा आणि पहिलं पाणी काचेच्या ग्लासात धरा. पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघा, हुंगा. मग पाच मिनिटांनी दुसरा ग्लास, आणि पाणी जायच्या आधी तिसरा. पहिला ग्लास गढूळ, वासाचा आणि दुसरा स्वच्छ असेल तर तुमच्या किंवा गल्लीच्या पाइपमध्ये भोक आहे, पाणी बंद असताना घाण आत शिरून बसते आणि पहिल्या पाण्याबरोबर येते. तिन्ही ग्लास सारखेच गढूळ असतील तर घोटाळा वरनं आहे, टाकी किंवा केंद्राकडनं. मग शेजारच्या दोन घरांत, गल्लीच्या सुरवातीला आणि शेवटाला हेच करून बघा, कुठनं पुढं वास सुरू होतो त्यावरनं भोक कुठं आहे ते समजतं, खोदणाऱ्याचं काम निम्मं होतं. भोक सापडेपर्यंत पहिलं पाणी झाडांना, फरशी धुवायला घाला. पाइप बदलताना लोखंडी परत घालू नका, प्लास्टिकची काळी अखंड पाइप घाला आणि गटारीच्या तळातनं न नेता वरनं, एखाद्या मोठ्या पाइपच्या आतनं न्या.

दुसरी तपासणी क्लोरीनची. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा किंवा आरोग्यसेवक ज्याला ओटी टेस्ट म्हणतो ती. बारक्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. रंगाच्या पट्टीशी जुळवून बघा, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम पाहिजे, साथ चालू असेल तर ०.५. स्विमिंग टँकचं सामान विकणाऱ्या दुकानात हे किट मिळतं. टेस्ट केलेलं पाणी ओतून द्या, ते औषध पोटात जायचं नाही, आणि लहान पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

टीडीएस मीटर आणि लाल पाण्याचा खेळ

हे लिहायलाच पाहिजे कारण यात लै लोक फसतात. मशीन विकणारा पोरगा घरी येतो, टेबलावर दोन ग्लास मांडतो, एकात तुमच्या चावीचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. मग दोन-दोन सळ्यांचं यंत्र दोन्हीत बुडवतो, बटण दाबतो. मिनिटभरात तुमचं पाणी तांबडं-काळं, वर फेस, आणि त्याचं पाणी जसंच्या तसं. घरातली म्हातारी माणसं तोंडाला पदर लावतात, सही होते. आता त्यात झालं काय, तर ती सळी लोखंडाची असते, पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून गंज पाण्यात उतरतो. तो रंग सळीचा, तुमच्या पाण्याचा नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून वीज वाहत नाही म्हणून रंग येत नाही. परत कुणी आला तर त्याच्या मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा आता बुडव.

टीडीएस मीटर पण तसंच. ते फक्त विरघळलेले क्षार मोजतं. कावीळ, टायफॉईड, गॅस्ट्रो यातलं काही त्याला दिसत नाही, औषध-कीटकनाशक दिसत नाही. पावसाळ्यात गटार मिसळलेलं पाणी कमी टीडीएस दाखवू शकतं आणि बोअरचं ८०० टीडीएसचं पाणी जंतूच्या हिशेबानं चांगलं असू शकतं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणं टीडीएस ५०० च्या आत उत्तम, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. ५०० च्या आत असेल तर आरओ कशाला पाहिजे? २०१९ ला राष्ट्रीय हरित लवादानं पण असल्या ठिकाणी आरओ नको असंच म्हटलं होतं. शिवाय घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, आपल्याकडं ज्या दिवसात पाण्याची बोंब असते त्या दिवसात पण.

म्हणून नदीचं पाणी येणाऱ्या घराला साधा गाळायचा फिल्टर, पुढं कार्बन आणि यूव्ही एवढं बास होतं. यूव्हीला पाणी स्वच्छ लागतं, गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणाआड लपतो आणि किरण त्याच्यापर्यंत पोचत नाही. आरओ कुणाला? ज्यांच्या बोअरमध्ये क्षार, नायट्रेट, फ्लोराइड तपासणीत जास्त आलंय त्यांना. आणि मशीन कुठलंही असो, मुदतीत फिल्टर बदलला नाही तर त्याच्यातच जंतूंची वस्ती होते.

उकळणं, तुरटी, टीसीएल

साथ आली, पाइप फुटली, पाणी गढूळ आलं, पूर आला, अशा वेळी सगळ्यात भरवशाचं म्हणजे उकळणं. पण उकळणं म्हणजे कोमट करणं नव्हे. तळाला बुडबुडे आले की लोक गॅस बंद करतात, ते चालत नाही. खदाखदा उकळी फुटली पाहिजे आणि तशी एक मिनिट राहिली पाहिजे. वीस-वीस मिनिटं उकळून सिलिंडर संपवायची पण गरज नाही. उकळायच्या आधी चार पदरी सुती फडक्यातनं गाळा. ज्या पातेल्यात उकळलं त्यातच झाकून गार होऊ द्या, परत न धुतलेल्या कळशीत ओतलं की केलेलं सगळं पाण्यात. माठाला खाली तोटी असेल तर उत्तम, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, पेला बुडवून घेताना पोरांची बोटं आत जातात.

उकळल्यानं जंतू मरतात, बाकी काही जात नाही. नायट्रेट असेल तर पाणी आटून ते उलट वाढतं, हे बोअरवाल्यांनी नीट वाचा.

पाणी गढूळ असेल तर तुरटी. हंड्यात तुरटीचा खडा धरून चार-पाच वेळा गोल फिरवा, खडा आत टाकून विसरू नका, रात्रभर निवळू द्या आणि सकाळी वरचं निवळ पाणी हळू दुसऱ्या भांड्यात काढा. तुरटीनं माती खाली बसते, जंतू सगळे मरत नाहीत, म्हणून त्यानंतर उकळा किंवा क्लोरीन घाला. आरोग्य खात्याकडनं जीवनड्रॉप किंवा मेडिक्लोर मिळतं, डोस बाटलीवर लिहिलेला असतो तेवढाच, घातल्यावर अर्धा तास थांबायचं.

टाकीसाठी टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. चांगल्या ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्याच्या आसपास असतो आणि १००० लिटर बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याला २.५ ग्रॅम पुरते. म्हणजे चहाचा अर्धा-पाऊण चमचा. पावडर डायरेक्ट टाकीत टाकू नका, प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी टाकीत ओता आणि खालचा चुना फेकून द्या. तासाभरानं ओटी करा. पिवळं नाही आलं तर पावडर जुनी आहे किंवा पाणी जास्त घाण आहे, थोडं अजून घाला. पावडर डब्यात घट्ट झाकून अंधारात ठेवायची, उन्हात उघडी पडलेली टीसीएल म्हणजे नुसता चुना, आणि बऱ्याच ग्रामपंचायतींच्या पंपघरात ती तशीच पोत्यात पडलेली असते हे तुम्ही पण बघितलं असेल. अॅसिड किंवा फिनाइलच्या शेजारी ठेवू नका.

विहिरीचं गणित सोपं आहे. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये, व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, उत्तर लिटरमध्ये. ५ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर ७८,५०० लिटर, म्हणजे साधारण २०० ग्रॅम टीसीएल. रात्री घाला, सकाळी ओटी करून मग उपसा.

टाकीवर झाकण ठेवा हे सांगायची गरज नसावी, पण सीझन चालू असताना साखर कारखान्याच्या पट्ट्यात गच्चीवर जाऊन बघा, पांढरी चादर सकाळी काळी होते. ती राख आणि पाचट जाळल्याची काजळी उघड्या टाकीत जाते आणि अर्थात छातीत पण जाते. दमा असलेल्यांनी पाचट पेटवलेल्या दिवशी दारं-खिडक्या लावून घ्या, एवढं सांगतो आणि पाण्याकडं वळतो.

बोअर आणि विहिरीचं पाणी तपासून घ्या, अंदाज नको

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. मानक लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याच्या वर गेलं की सगळ्यात जास्त धोका सहा महिन्याच्या आतल्या बाळाला, तेही वरचं दूध पाण्यात कालवून पाजत असाल तर. रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. म्हणून उसाच्या रानातल्या विहिरीचं पाणी बाळाच्या दुधाला वापरू नका, निदान तपासल्याशिवाय नको. फ्लोराइड १.५ च्या वर असेल तर वाढत्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं-सांधे धरतात. फवारणीचं तर आपल्याच हातात आहे. ब्लोअर, पंप, औषधाच्या बाटल्या विहिरीच्या काठाला धुवायच्या नाहीत, एवढं जरी द्राक्षवाल्यांनी पाळलं तरी बरंच काम होईल. विहिरीपासून संडासाचा शोषखड्डा निदान ५० फूट लांब पाहिजे.

नमुना घ्यायची पद्धत चुकली की रिपोर्ट चुकतो. क्षार-नायट्रेटसाठी स्वच्छ कॅन घ्या, त्याच पाण्यानं दोन-तीन वेळा खळबळून काठोकाठ भरा. कोल्ड्रिंकची बाटली नको. बोअर दहा मिनिटं चालवून मग धरा. जंतूंच्या तपासणीला मात्र लॅबकडनंच निर्जंतुक बाटली आणायची आणि ती अजिबात धुवायची नाही, त्यात क्लोरीन मारायचं औषध मुद्दाम घातलेलं असतं, धुतलं की गेलं. चावीचं तोंड पुसून, लायटरनं शेकून, दोन मिनिटं पाणी सोडून मग भरा, बुचाच्या आत बोट लावू नका, वर थोडी जागा सोडा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. १०० मिलीमध्ये ई. कोलाय (मैल्यातला जंतू) एक पण निघायला नको. गावातनं असाल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा, जलजीवन मिशनमधनं आलेलं तपासणी किट आणि ते चालवायला शिकवलेल्या बायका गावात असतात, किट बहुतेक कपाटात असतं. जिल्ह्याला आरोग्य खात्याची आणि भूजल विभागाची प्रयोगशाळा आहे. वर्षातनं दोनदा करा, एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर.

आणि थंड पाण्याचे वीस लिटरचे जार, लग्नकार्यात, ऑफिसात, दुकानात सगळीकडं तेच. थंड आहे म्हणजे शुद्ध आहे असं काही नाही. सील नाही, तारीख नाही, कुठल्या बोअरचं आहे माहीत नाही. आणायचंच असेल तर प्लँट कुठं आहे तो एकदा बघून या आणि रिपोर्ट मागा, देतात की नाही त्यावरनं कळेलच.

कुणी आजारी पडलं तर

गॅस्ट्रो, कॉलरा तासा-दिवसात दिसतो. टायफॉईडला आठवडा ते तीन आठवडे लागतात. कावीळ, विशेषतः हिपॅटायटिस ई, दोन ते दहा आठवडे घेते. म्हणून गल्लीत काविळीचे पेशंट निघाले की आज पाणी स्वच्छ येतंय, मग पाण्यानं कशी झाली, असा वाद घालू नका. जे पाणी प्यायलं ते महिनाभरापूर्वीचं. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती ती हीच. पुण्यात जानेवारी २०२५ ला जीबीएसचे (नसांवर घाला घालून हातपाय लुळे करणाऱ्या आजाराचे) पेशंट वाढले तेव्हा पण बोट पाण्याकडंच गेलं होतं. घरात गरोदर बाई असेल, त्यात सातव्या महिन्यापुढची, तर तिचं पाणी बारा महिने उकळूनच, कारण ही कावीळ तिला जिवावर बेतू शकते. डोळे पिवळे दिसले की माळ घालणं, कान फुंकणं, झाडपाला यात दिवस घालवू नका, डॉक्टरकडं.

जुलाब सुरू झाले की पहिलं काम ओआरएस. पुडीवर किती पाण्यात ते वाचा, मोठी पुडी एक लिटरला असते, ती ग्लासात कालवून पोराला पाजायची नसते. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर जुलाबानंतर घोट घोट पाजा, अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. लहान पोरांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात, आशाताईंकडं मिळतात. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, पोर मलूल पडलंय, शौचात रक्त आहे, असं काही दिसलं की घरचे उपाय बंद, सरळ दवाखाना.

पुराचं वेगळं बघायला लागतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं, तेव्हा हौद, विहिरी, सेप्टिक टाक्या सगळं एक झालं. पूर ओसरल्यावर हौदातलं पाणी पूर्ण उपसा, गाळ काढा, टीसीएलच्या पाण्यानं भिंती घासा, एकदा भरून रिकामा करा, मग वापरा. विहिरीचं पण तसंच, आणि ओटी पिवळी आल्याशिवाय प्यायचं नाही. चिखल काढताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरू नका. नंतर आठ-पंधरा दिवसात ताप, पिंडऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरला सांगा की पुराच्या पाण्यात हिंडलोय, लेप्टो (उंदरांच्या लघवीतनं पसरणारा ताप) असू शकतो.

तक्रार करायची असेल तर

नुसता फोटो स्टेटसला ठेवून काही होत नाही. नदीत फेस, काळं पाणी, मेलेले मासे दिसले तर तारीख-वेळ आणि ठिकाण दिसेल असा व्हिडिओ काढा, नाला जिथं मिळतो त्याच्या वरचं आणि खालचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून नावं टाका, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या ऑफिसला लेखी द्या, पोच घ्या. त्याच दिवशी द्या, कारण दोन दिवसांनी वरनं पाणी सुटलं की पुरावा वाहून खाली गेलेला असतो. चावीच्या पाण्याची तक्रार महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडं, गावात असाल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचा ग्रामसेवक), आणि तीत तीन ग्लासांची आणि ओटीची माहिती घाला, कुठल्या घरापासनं वास सुरू होतो ते घाला. "पाणी खराब येतंय" एवढ्या एका ओळीच्या अर्जावर माणूस येऊन चावी उघडतो, पाच मिनिटानंतरचं स्वच्छ पाणी बघतो आणि परत जातो. त्याला पाणी सुटायच्या वेळीच बोलवा.